एकूण कुठे ठेवलंय

आमच्या लालबागच्या चाळीत कोणी विचारलं की परब काय करतात, तर उत्तर मिळतं, "दिवसा कंपनीत हिशेबाला असतात आणि संध्याकाळी पैशांची गणितं सोडवतात." ऐकणाऱ्याला वाटतं, मी लोकांच्या देण्याघेण्याची भांडणं मिटवतो. एकदा दोन सख्खे भाऊ गावच्या घराच्या वाटणीचे कागद घेऊन दारात उभे राहिले होते. त्यांना चहा पाजून वकिलाकडे पाठवलं. वाटणीच्या गणितात काय दिलंय यावरच दोघांचं एकमत नव्हतं. तिथे मी काय करणार?

माझा धंदा साधा आहे. परीक्षेत शाब्दिक उदाहरणं येतात. शांताबाईंनी अमुक दराने केळी घेतली, त्यातली इतकी खराब निघाली, उरलेली तमुक दराने विकली, तर नफा किती? शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांना ती येतात, शिपायाच्या आणि लिपिकाच्या भरतीला येतात, पोलीस भरतीलाही येतात. माणसं तिथेच मार खातात. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते. पण आधी काय करायचं आणि मग काय, हे कळत नाही. मग समोर दिसतील ते आकडे एकमेकांत मिसळून काहीतरी उत्तर लिहून मोकळे होतात.

मी त्यांना चार ओळी लिहायला लावतो. काय दिलंय. काय विचारलंय. मधे काय काढावं लागेल. आलेलं उत्तर शहाणं आहे का. शिवाय प्रत्येक रकमेभोवती एक चौकट काढायची आणि चौकटीवर तिचं नाव लिहायचं. नुसते दोनशे असं लिहायचं नाही. खरेदीचे दोनशे, विक्रीचे दोनशे सत्तर, असं लिहायचं. नाव दिलं की रक्कम हरवत नाही.

शांताबाईंचंच घ्या. चाळीस रुपये डझनाने पाच डझन केळी घेतली, सहा खराब निघाली, उरलेली पाच रुपयांना एक याप्रमाणे विकली. खरेदी दोनशेची. केळी साठ, विकली चोपन्न, विक्री दोनशे सत्तर. नफा सत्तर. पण निम्मी पोरं पन्नास लिहितात. कारण खराब केळ्यांची किंमत होते वीस रुपये, तीही ती वजा करतात. नुकसान एकदा झालं आणि मनाला दोनदा लागलं. हे मला फार आवडतं. चुकीच्या उत्तरातही माणूस दिसतो.

सुरुवातीला मी चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारून पुढे जात असे. ती सवय मोडली ती चाळीतल्याच एका चौथीतल्या मुलीने. वाढदिवसाला मामाने पाचशे दिले, आत्याने दोनशे दिले, तर एकूण किती? तिने लिहिलं, सातशे दोन. मी म्हटलं, "बाळा, हे दोन रुपये कुठून आले?" ती माझ्याकडे, मला काही कळत नाही अशा नजरेने बघत म्हणाली, "सर, नुसते पाचशे कोण देतं? वर रुपया असतोच ना." तिचं बरोबर होतं. आमच्याकडे आहेराच्या पाकिटात रुपया चिकटवलेलाच असतो. तेव्हापासून उत्तर चुकलं की मी आधी विचारतो, हे कसं आलं. लाल पेन नंतर.

सुजाताताईंची गोष्ट सांगायची ती याच कारणाने. त्यांचं उत्तर कसं येतं हे शोधायला मला जवळजवळ दीड महिना लागला.

घोडपदेवला एका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. भरतीच्या परीक्षांना बसणारी पोरं तिथे बसतात. तिथल्या मंडळींनी मला आठवड्यातून दोन संध्याकाळी अंकगणित घ्यायला बोलावलं. कामावरून सुटलो की मी चालतच जातो. तिथे एकदा पंचविशीच्या पोरांच्या मागच्या बाकावर एक चाळिशी उलटलेल्या बाई बसलेल्या दिसल्या. अंगावर गणवेशाची निळी साडी, कमरेला पट्टा. बसताना बाकाला हात टेकून हळूच बसल्या.

"जय भीम सर. मी सुजाता कांबळे. परळला हॉस्पिटलात वॉर्डात आया आहे. लिपिकाची खात्यातली परीक्षा द्यायची आहे. गणितात गेल्या वेळी राहिले."

"किती कमी पडले?"

"ते सांगत नाही. पण बाकीच्या दोन पेपरांत चांगले होते."

पुढे हळूहळू कळलं ते असं. त्यांचे यजमान त्याच हॉस्पिटलात कामाला होते. ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर ताईंना नोकरी लागली. पेशंटला उचलून ट्रॉलीवर घ्यायचं, ट्रॉलीवरून टेबलावर, टेबलावरून परत खाटेवर, असं करता करता मणक्यातली गादी सरकली. त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. वॉर्डात वजन न उचलता काम कसलं? साहेबांनी दोन पर्याय ठेवले. परीक्षा पास होऊन टेबलावर बसा, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या. निवृत्तीवेतन इतकं कमी बसत होतं, की त्यात त्यांचं आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं भागलं नसतं. आणि ही शेवटची संधी होती. पुढची परीक्षा निघेपर्यंत वयाची मर्यादा उलटली असती.

वर्गात त्यांच्या शेजारी संदेश बसायचा. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात विक्रेता, तिशीचा, तोंडाने चलाख. तो पालिकेच्या भरतीची तयारी करत होता. सवलतीची उदाहरणं त्याला पटायचीच नाहीत. छापील किमतीवर वीस टक्के सूट, विक्री किंमत काढा म्हटलं की तो म्हणायचा, "सर, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर गप्प बसलं? फॉल-पिको फुकट मागितलं नाही?" हाच पोरगा सुजाताताईंना पाणी आणून द्यायचा, त्यांची पिशवी जिन्यावरून वर न्यायचा आणि वर त्यांची चेष्टाही करायचा.

पहिले दोन आठवडे मला वाटलं, ताईंचं काम सोपं आहे. पाढे पक्के. टक्केवारी येते. चौकटी तर इतक्या सुबक काढायच्या, की मी इतरांना दाखवायचो. पट्टी लावून, दुहेरी रेघेच्या. प्रत्येक चौकटीवर नाव.

मग मी हे उदाहरण घातलं. एका बाईला चोवीस हजार पगार. त्यातून सहा हजार भाडं. उरलेल्याचा तिसरा हिस्सा मुलांच्या शिक्षणाला. शिवाय शिवणकामातून पाच हजार मिळतात, पैकी दोन हजार दोरा-बटणांना जातात. दर महिन्याला ती चार हजार बँकेत टाकते. तर घरखर्चाला किती उरतात?

तुम्हीही करून बघा. भाडं जाऊन अठरा हजार, शिक्षण जाऊन बारा हजार. शिवणाचे निव्वळ तीन हजार. मिळून पंधरा हजार. बँकेचे चार गेले, उरले अकरा हजार. संदेशनेही अकरा हजार काढले.

सुजाताताईंनी सगळ्या चौकटी बरोबर काढल्या. बारा हजार बरोबर, तीन हजार बरोबर. आणि खाली उत्तराच्या जागी लिहिलं, 'उदाहरण चुकीचं छापलं आहे.'

मी विचारलं, "काय चुकीचं आहे, ताई?"

"तीन हजारांतून चार हजार जात नाहीत."

"तीन हजारांतून कशाला? तिच्याकडे पंधरा आहेत."

"बारा पगाराचे आहेत, सर."

संदेश म्हणाला, "ताई, मग पगारातले हजार टाका ना. शिवणाच्या मशीनला कळणार आहे?"

"पगार घराचा आहे," ताई म्हणाल्या. "बँकेत टाकायचे ते वरकमाईचे."

"असं उदाहरणात कुठे लिहिलंय?"

"ते लिहायला कशाला पाहिजे?"

वर्ग हसला. ताईही हसल्या, पण उत्तर बदललं नाही. माझ्या आग्रहाखातर अकरा हजार लिहिले आणि मला दिसलं, की ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलेत.

मला वाटलं, हा एकाच उदाहरणापुरता हट्ट असेल. पुढच्या वेळी दुसरं घातलं. आईने मुलाला वह्यांसाठी शंभर दिले, खाऊसाठी चाळीस. त्याने वह्यांवर पासष्ट आणि खाऊवर चाळीस खर्च केले, तर किती उरले? ताईंचं उत्तर बरोबर, पस्तीस. मग मी फक्त एक आकडा बदलला. खाऊवर पन्नास खर्च केले, तर? उत्तर, 'खाऊचे दहा कमी पडले.' आणि वह्यांचे पस्तीस वेगळे. एकूण पंचवीस लिहायला त्या तयारच होईनात.

कधी बरोबर येतं, कधी येत नाही, आणि कधी येत नाही याचा काही नियम दिसेना. मी घरी येऊन त्यांच्या उत्तरांचे कागद समोर ठेवून बसायचो. हिशेबाचा माणूस असल्यामुळे मला फरक शोधायची सवय आहे. ताळेबंदात फरक राहिला की आम्ही कागद सोडून उठत नाही. इथे फरक तर होता, पण प्रत्येक ओळ बरोबर. असा ताळेबंद मी पाहिला नव्हता.

मी उपाय केले. जास्त उदाहरणं दिली. चौकटी रंगीत पेनाने काढायला सांगितल्या. भाडं लाल, शिक्षण निळं, शिवण हिरवं. त्याने प्रकरण आणखीच बिघडलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ताई वॉर्डातून रजा घेत नव्हत्या, कारण रजा परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती. बाकावरून उठताना एकदा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. त्या म्हणाल्या, "सर, मला डोकं नाही असं तुम्हाला वाटत असेल तर आत्ताच सांगा. मी निवृत्तीचा अर्ज तरी वेळेवर देईन."

मी म्हटलं, "डोकं आहे. ते काय करतं एवढंच मला कळत नाहीये. थोडा वेळ द्या."

उत्तर सापडलं ते आमच्या मोरीच्या नळामुळे. रविवारी नळ गळायला लागला. प्लंबर आला, आठशे म्हणाला, आणि त्याचा फोन बिघडल्यामुळे त्याला रोख हवे होते. माझ्या खिशात तीनशे. मी मंगलला, म्हणजे आमच्या मंडळींना, हाक मारली.

"पाचशे दे गं."

"माझ्याकडे नाहीत."

मला माहीत होतं, की आहेत. परवाच मी बँकेतून आणून दिले होते. मी म्हटलं, "गॅसचे नऊशे आहेत, दुधाचे अठराशे आहेत, गणपतीला गावी जायचे साडेतीन हजार आहेत."

"ते गॅसचे, दुधाचे आणि गणपतीचे आहेत. नळाचे कुठे आहेत?"

असं म्हणून ती सरळ शेजारी गेली आणि सावंतवहिनींकडून पाचशे उसने घेऊन आली. प्लंबर गेल्यावर मी म्हटलं, "अगं, घरात सहा हजार दोनशे असताना तू शेजारून पाचशे आणलेस."

"सहा हजार दोनशे कुठे आहेत?"

"एकूण म्हणतोय मी."

"एकूण कुठे ठेवलंय?" ती म्हणाली. "मला डबा दाखवा. पोह्याच्या डब्यात गॅसचे, रव्याच्या डब्यात दुधाचे, देवाच्या कपाटात गणपतीचे. तुमचं एकूण मी इतक्या वर्षांत बघितलं नाही."

मी मोरीच्या दारात उभा होतो, पाय ओले. मला एकदम सुजाताताईंच्या दुहेरी रेघेच्या चौकटी दिसल्या. त्या चौकटी मी शिकवल्या होत्या. रकमेला नाव द्या, नाव दिलं की ती हरवत नाही, असं मीच सांगत होतो. पोरांना त्याचा उपयोग होतो, कारण पोरांचे पैसे कुठेच ठेवलेले नसतात. पण जी बाई आयुष्यभर पैसे नावाने ठेवत आली, तिच्या हातात मी चौकट दिली आणि तिने तिचा डबा केला. डब्याला झाकण असतं.

मंगलला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिला शिकवताय काय तुम्ही? तिचं बरोबरच आहे की."

"परीक्षेत बरोबर नाही."

"मग परीक्षा घेणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा. तोवर सावंतवहिनींचे पाचशे उद्या आणून द्या. पगारातले नको, तुमच्या शिकवणीतले."

पुढच्या वर्गाला मी ताईंना उदाहरण घातलंच नाही. विचारलं, "पगार झाला की तुम्ही काय करता?"

त्यांनी सांगितलं. पगाराच्या दिवशी एटीएममधून पैसे काढायचे. हॉस्पिटलच्या रद्दीत निघालेली एक्स-रेची जुनी पाकिटं असतात, जाड तपकिरी कागदाची. ती कापून त्यांनी लहान पाकिटं केली आहेत. भाड्याचं, मुलीच्या फीचं, वाण्याचं, भिशीचं, औषधाचं. एका पाकिटातला पैसा दुसऱ्यात जात नाही.

"कधीच नाही?"

"एकदा गेला होता. औषधाच्या पाकिटातून वाण्याला दिले. त्याच आठवड्यात पोरीला ताप आला."

"पण सगळे एकत्र ठेवले आणि लागतील तसे काढले तर?"

ताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "हे होते तेव्हा पैसे एकत्रच असायचे. ट्रंकेत. एकत्र असले की पैसे दिसतात, सर. दिसले की कोणीतरी मागतं. दिराला रिक्षाच्या हप्त्याला हवे असायचे, नणंदेला बारशाला. नाही कसं म्हणणार? समोर पंधरा हजार दिसताहेत. आता दीर आला की मी पाकिटं दाखवते. हे भाडं, ही फी, हे वाण्याचं. यातलं कुठलं देऊ, तुम्ही सांगा. तो चहा पिऊन जातो."

संदेशने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण फरक सापडला होता. ती पाकिटं म्हणजे त्यांच्या संसाराची तटबंदी होती. ती पाडा असं सांगणारा मी कोण? आणि पाडली नाही तर परीक्षा गेली. मी एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हटलं, "ताई, घरचं आहे तसंच ठेवा. पण हा कागद आहे. कागदावर दीर येत नाही."

त्यांना हसू आलं. पट्टा धरून हसल्या, कारण जोरात हसलं की पाठीत कळ यायची.

"खरंच येत नाही," मी म्हटलं. "उदाहरणातल्या बाईला कोणीही काही मागणार नाही. तिला पैसे लपवायची गरज नाही. चौकटी काढा, नावं द्या, पण शेवटी एक मोठं पातेलं काढा आणि सगळ्या चौकटी त्यात ओता."

"हंडा काढते," त्या म्हणाल्या. "पातेल्याला गळा नसतो. ओतलेलं बाहेर उडतं."

मग हंडा. पगाराचे बारा, शिवणाचे तीन, हंड्यात पंधरा, बँकेला चार काढले, अकरा उरले. त्यांनी ते लिहिलं आणि किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "एवढे दिसतात का एका बाईकडे," असं काहीसं पुटपुटल्या.

इथे सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं असतं, पण झालं नाही. हंडा हातात आल्यावर ताई सगळंच त्यात ओतायला लागल्या. रेखा आणि मीना या बहिणींनी मिळून बाराशेचं कापड घेतलं, रेखाने सातशे घातले, मीनाने पाचशे. कापड अठराशेला विकलं. नफा त्याच प्रमाणात वाटला, तर मीनाला किती? उत्तर अडीचशे. ताईंनी लिहिलं, सहाशे.

"ताई, सहाशे दोघींचे झाले."

"हंड्यात सहाशे आहेत. बहिणी-बहिणीत कसलं वाटप?"

संदेश म्हणाला, "ताई, तुमचा हा हंडा माझ्या बहिणीला दाखवा. परवा पाणीपुरीचे वीस रुपये मागितले तिने माझ्याकडे. गुगल पे वर. स्कॅनरचा फोटो पाठवून."

तेव्हा मी माझ्या पद्धतीची पहिली ओळच बदलली. आधी होती, काय दिलंय. तिच्या वर आणखी एक आली, हे पैसे कोणाचे. एकाच माणसाचे असतील तर एक हंडा. दोघांचे असतील तर दोन हंडे, आणि वाटप झाल्याशिवाय एकातलं दुसऱ्यात नाही. ही ओळ ताईंना लगेच पटली, कारण हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. फक्त त्या तो पाकिटाला विचारत होत्या, तो आता माणसाला विचारायचा होता. तेव्हापासून मी सगळ्यांनाच ही ओळ पहिली लिहायला लावतो. भागीदारीची उदाहरणं चुकायचं प्रमाण बरंच कमी झालं. इतकी वर्षं ही ओळ माझ्या लक्षात का आली नाही, याचं मला नवल वाटतं. बहुधा कंपनीत सगळे पैसे मालकाचेच असल्यामुळे विचारायचा प्रसंग आला नसेल.

परीक्षा वडाळ्याच्या एका शाळेत होती. मी कामावर होतो. दुपारी फोन आला.

"सर, झाला पेपर."

"कसा गेला?"

"एक सोडला. तीन भागीदार होते, त्यातला एक मधेच निघून जातो. तो का जातो हे लिहिलंच नव्हतं. त्यातच माझा वेळ गेला."

"ताई, का गेला याला मार्क नाहीत."

"हो, ते नंतर सुचलं. बाकी सगळे केले. हंडे काढायला जागा कमी पडली, मग प्रश्नपत्रिकेच्या मागे काढले."

निकाल लागायला बरेच महिने गेले. त्या काळात साहेबांनी त्यांना औषधांच्या कोठारात तात्पुरतं बसवलं होतं, आणि ते किती दिवस चालेल याची कोणाला खात्री नव्हती. निवृत्तीचा अर्ज त्यांनी लिहून पर्समध्ये ठेवला होता, हे मला मागाहून कळलं. मग एका संध्याकाळी त्या अभ्यासिकेचा जिना चढून वर आल्या. पिशवी स्वतःच उचललेली. बाकावर पेढ्यांचा पुडा ठेवला. गणितात त्या काठावर सुटल्या होत्या. संदेशने पेढा तोंडात टाकत विचारलं, "ताई, हा कुठल्या पाकिटातला?" त्या म्हणाल्या, "याचं पाकीट नवीन काढलं."

संदेशची भरती त्या वर्षी झाली नाही. तो अजून साड्या विकतो आणि अजून वर्गाला येतो.

सुजाताताईंना हॉस्पिटलातच पैसे भरायच्या खिडकीवर टेबल मिळालं. त्या आता वर्गाला येत नाहीत. पण गेल्या दिवाळीच्या आधी मला परळच्या नाक्यावर भेटल्या. निळ्या साडीच्या जागी फुलांची साडी होती. पट्टा मात्र होता. बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "सर, एक गणित आहे. तुम्हाला विचारायचंच होतं."

त्यांच्या खिडकीवर एक माणूस आला होता. बायकोच्या शस्त्रक्रियेच्या सामानाचे पैसे भरायचे होते. शर्टाच्या खिशातून तीन हजार काढले, हे मेहुण्याचे. पँटच्या खिशातून अडीच हजार काढले, हे गल्लीतल्या मंडळाने जमवलेले. आतल्या खिशातून दोन हजार काढले, हे स्वतःचे. तिन्ही थप्प्या काचेखालून वेगवेगळ्या सरकवल्या आणि म्हणाला, मिसळू नका.

"मी मिसळले," ताई म्हणाल्या. "मिसळावेच लागतात. साडेसात हजार झाले. बिल सहा हजार आठशे पन्नासचं. पावती फाडली आणि साडेसहाशे परत दिले. तो नोटा हातात धरून उभा. मला विचारतो, मॅडम, हे यातल्या कोणाचे?"

मी तिथल्या तिथे डोक्यात मांडलं. सहास पाचास चार असं प्रमाण. मेहुण्याला दोनशे साठ. मंडळाला दोनशे सोळा रुपये सदुसष्ट पैसे. त्याला एकशे त्र्याहत्तर रुपये तेहतीस पैसे.

"मीही तेच काढलं," त्या म्हणाल्या. "पावतीच्या मागे करून दाखवलं त्याला. मागे लाइन लागलेली, लोक ओरडताहेत. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. आणि साडेसहाशेच्या साडेसहाशे मंडळाच्या खिशात घातले."

"का?"

"मीही विचारलं. म्हणाला, मेहुण्याला परत केले तर त्याला राग येईल, म्हणेल माझे पैसे नको झाले का. आणि माझ्या खिशात ठेवले तर घरी जाईपर्यंत खर्च होतील. मंडळाचे परत गेले, की ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला येतील."

मी विचारलं, "मग तुमच्या पावतीचं काय झालं?"

"पावतीवर एकच आकडा असतो, सर," सुजाताताई म्हणाल्या. "तो बरोबर होता."